प्रवासातील स्मृतिवस्तू आणि हस्तकलेचे अर्थकारण : रायपूरच्या निमित्ताने

प्रवासाहून परतताना घरच्यांसाठी काहीतरी घेऊन येण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. पंढरपूरहून बुक्का, तुळशीची माळ आणि चुरमुरे-बत्तासे, काशीहून गंगाजलाचा गडू, सावंतवाडीहून लाकडी खेळणी आणि गोव्याहून काजू आणल्याशिवाय यात्रा पुरी झाली असे अनेकांना आजही वाटत नाही. या वस्तूंमागे श्रद्धा, आपुलकी आणि आठवण अशा भावना असतात. तथापि, अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता याच छोट्या खरेदीत पर्यटन, ग्रामीण रोजगार, बौद्धिक संपदा, वन्यजीव संरक्षण आणि सांस्कृतिक वारसा असे अनेक विषय एकवटलेले दिसतात. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासक्रमात हे विषय स्वतंत्रपणे येत असले तरी प्रत्यक्षात ते परस्परांत गुंतलेले आहेत. प्रस्तुत लेखात छत्तीसगढची राजधानी रायपूर हे उदाहरण घेऊन, प्रवाशाने स्मृतिवस्तू विकत घ्यावी काय, घ्यायची तर कोणती आणि कोणाकडून, या प्रश्नांचा विचार केला आहे.

स्मृतिवस्तू : संकल्पना आणि आर्थिक महत्त्व

एखाद्या स्थळाची ओळख सांगणारी आणि त्या स्थळाची आठवण म्हणून जवळ बाळगली जाणारी वस्तू म्हणजे स्मृतिवस्तू होय. तिच्यात मुख्यतः तीन प्रकार आढळतात. पहिला प्रकार स्थानिक कारागिराने परंपरागत पद्धतीने बनविलेल्या वस्तूंचा. दुसरा, त्या भूमीत पिकणाऱ्या किंवा जंगलात मिळणाऱ्या पदार्थांचा. तिसरा प्रकार कारखान्यात हजारोंच्या संख्येने तयार होणाऱ्या आणि केवळ स्थळाचे नाव छापलेल्या वस्तूंचा, उदाहरणार्थ चावीचे जोड, चुंबकी चित्रे, कप इत्यादी. बाजारात हे तिन्ही प्रकार एकाच फळीवर मांडलेले असतात. परंतु त्यांचा स्थानिक अर्थव्यवस्थेवर होणारा परिणाम मात्र सारखा नसतो.

पर्यटकाने खर्च केलेल्या रकमेपैकी जो भाग त्या प्रदेशाबाहेर निघून जातो, त्यास अर्थशास्त्रात गळती असे म्हणतात. याउलट, जो भाग प्रदेशातच राहून पुन्हा पुन्हा खर्च होतो, त्यातून गुणक परिणाम साधला जातो. उदाहरणादाखल असे समजू की, दोन पर्यटकांनी प्रत्येकी १,००० रुपयांची वस्तू घेतली. पहिल्याची वस्तू दुसऱ्या राज्यातील कारखान्यात तयार झालेली आहे. या व्यवहारात स्थानिक पातळीवर उरतो तो बहुतांशी दुकानदाराचा नफा. दुसऱ्याने कारागिराच्या घरातून पितळेची मूर्ती घेतली. या रकमेतून धातू, मेण व सरपण यांचा खर्च भागतो, घरातील दोन-तीन माणसांना मजुरी मिळते आणि त्या मजुरीतून गावातील वाण्याचे, शिंप्याचे, शाळेच्या साहित्याचे व्यवहार चालतात. खर्चाची रक्कम एकच असली तरी तिचा विकासावरील परिणाम असा भिन्न असतो.

रोजगाराच्या अंगानेही या क्षेत्राचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. हस्तकला आणि हातमाग यांना भांडवल कमी लागते, काम घरातच चालते आणि शेतीच्या रिकाम्या हंगामात त्यातून उत्पन्न मिळते. चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेनुसार (२०१९-२०) देशात विणकर व पूरक कामगार मिळून ३५ लाख २२ हजारांहून अधिक व्यक्ती या व्यवसायात असून त्यांपैकी सुमारे ७२ टक्के महिला आहेत. त्यामुळे हस्तनिर्मित वस्तूच्या खरेदीचा संबंध थेट ग्रामीण महिलांच्या उत्पन्नाशी पोहोचतो.

रायपूर : बाजारपेठ आणि प्रवेशद्वार

१ नोव्हेंबर २००० रोजी मध्य प्रदेशाचे विभाजन होऊन छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले आणि रायपूर ही त्याची राजधानी झाली. मराठी वाचकांना हा प्रदेश परका नाही. अठराव्या शतकात तो नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला. १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथून कारभार पाहिला. पुढे ब्रिटिश राजवटीत व स्वातंत्र्यानंतर १९५६ पर्यंत विदर्भ आणि छत्तीसगढ एकाच प्रांतात होते. मुंबई-हावडा लोहमार्गावर असलेल्या रायपूरशी नागपूर व गोंदियाचा व्यापारी संबंध आजही घनिष्ठ आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार राज्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण ३०.६ टक्के असून, भौगोलिक क्षेत्रापैकी ४० टक्क्यांहून अधिक भाग वनाच्छादित आहे. राज्यातील हस्तकलांचे मूळ या दोन बाबींत सापडते. कच्चा माल जंगलातून व मातीतून येतो आणि कौशल्य जनजातीय व कारागीर समाजांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. मात्र बस्तर, सरगुजा, रायगढ, चांपा ही कलाकेंद्रे राजधानीपासून दूर आहेत. जगदलपूर हे रायपूरपासून सुमारे ३०० किलोमीटरवर आहे. साहजिकच ज्या प्रवाशाला तेथवर जाणे शक्य नसते, त्याची या कलांशी गाठ रायपुरातच पडते.

शहरात अशा भेटीची काही ठिकाणे आहेत. १८७५ मध्ये राजनांदगावचे राजे महंत घासीदास यांच्या पुढाकाराने स्थापन झालेले महंत घासीदास स्मारक संग्रहालय हे देशातील जुन्या संग्रहालयांपैकी एक होय. त्याच्याच आवारात २०१६ पासून ‘गढकलेवा’ हे छत्तीसगढी खाद्यपदार्थांचे केंद्र चालते. नवा रायपूर परिसरातील ‘पुरखौती मुक्तांगण’ या खुल्या संग्रहालयाचे उद्‌घाटन २००६ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते झाले. तेथे राज्यातील जनजातींचे जीवन व कला यांचे दर्शन घडते. विक्रीसाठी राज्याच्या हस्तशिल्प विकास मंडळाची ‘शबरी’ एम्पोरियम आणि हातमाग संघाची ‘बिलासा’ ही दालने आहेत. खरेदीपूर्वी संग्रहालय पाहणे हिताचे ठरते. कारण अस्सल वस्तू डोळ्यांखालून गेली की बाजारातील बरीवाईट वस्तू ओळखणे सोपे जाते.

ढोकरा : मेणातून घडणारा धातू

छत्तीसगढच्या स्मृतिवस्तूंमध्ये पहिला मान ढोकरा शिल्पाचा. बस्तरमध्ये घढवा आणि रायगढ जिल्ह्यातील एकताल या गावी झारा समाजाचे कारागीर हे काम करतात. बस्तरमधील त्याचे प्रमुख केंद्र कोंडागाव हे रायपूर-जगदलपूर मार्गावर, जगदलपूरच्या सुमारे ७५ किलोमीटर अलीकडे आहे.

या शिल्पाच्या निर्मितीस मेण वितळवून धातू ओतण्याची पद्धत असे म्हणता येईल. प्रथम माती व भाताचा कोंडा यांच्या मिश्रणातून वस्तूचा ओबडधोबड गाभा तयार करतात. तो वाळल्यावर मेणाचे बारीक धागे काढून ते गाभ्यावर गुंडाळले जातात. डोळे, दागिने, केस हे सर्व तपशील या धाग्यांनीच घडतात. त्यावर पुन्हा बारीक मातीचे व नंतर जाड मातीचे लेप देऊन एक वाट मोकळी ठेवली जाते. साचा भट्टीत तापविला की मेण निघून जाते आणि त्याच्या रिकाम्या जागेत वितळलेले पितळ ओतले जाते. थंड झाल्यावर मातीचा साचा फोडून मूर्ती बाहेर काढतात व घासून स्वच्छ करतात. साचा एकदाच वापरला जात असल्याने कोणत्याही दोन मूर्ती तंतोतंत सारख्या नसतात. एका मूर्तीमागे अनेक दिवसांचे श्रम असतात, हे तिची किंमत ठरविताना विसरून चालत नाही.

ही पद्धत भारतात किती प्राचीन आहे, याचा पुरावा मोहेंजोदडो येथे १९२६ मध्ये सापडलेल्या नर्तकीच्या कांस्यमूर्तीतून मिळतो. केवळ १०.५ सेंटिमीटर उंचीची ही मूर्ती याच तत्त्वाने ओतलेली असून ती सध्या नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आधुनिक काळात प्रसिद्ध शिल्पकार मीरा मुखर्जी (१९२३-१९९८) यांनी बस्तरच्या कारागिरांकडे हे तंत्र आत्मसात केले, तर कोंडागावचे जयदेव बघेल (निधन २०१४) यांनी घढवा कलेला देशाबाहेर प्रतिष्ठा मिळवून दिली. ग्रामदेवतांच्या मूर्ती, हत्ती, घोडे, दिवे आणि लोककथेतील झिटकू-मिटकी हे प्रेमी युगुल हे या शिल्पाचे आवडते विषय आहेत.

लोखंड, लाकूड, बांबू आणि माती

बस्तरचे लोहशिल्प हे लोहार समाजाच्या शेतीच्या अवजारांतून विकसित झाले. लोखंड भट्टीत लाल करून हातोड्याने ठोकत त्यातून दिवे, पक्षी, हरणे व वादकांच्या सडपातळ आकृती घडविल्या जातात. ठोक्यांचे उमटलेले ठसे हीच अस्सलपणाची खूण होय. काष्ठशिल्पात सागवान व शिसम यांचा वापर होतो. सुकलेल्या भोपळ्यावर तापलेल्या लोखंडी सळईने नक्षी कोरण्याची ‘तुंबा’ कला वजनाला हलकी असल्याने प्रवाशाला सोयीची पडते. नारायणपूर भागातील ‘सुलूर’ नावाची बांबूची बासरी हातात धरून हवेत फिरविली की सूर देते. ही बासरी घडविणारे व काष्ठशिल्पकार पंडीराम मंडावी यांना २०२५ मध्ये पद्मश्री सन्मान जाहीर झाला.

राज्याच्या उत्तरेकडील सरगुजा भागात भिंतींवर मातीचे उठाव व जाळ्या करण्याची परंपरा आहे. पुहपुत्रा गावच्या सोनाबाई रजवार (निधन २००७) यांनी आपल्या घराच्या भिंतींवर घडविलेल्या प्राणी-पक्ष्यांमुळे ही कला जगासमोर आली. अंगावर गोंदवून घेण्याच्या नक्षीचे कापडावर रूपांतर करणारी ‘गोदना’ कलाही याच भागातील आहे. गोंदणाची नक्षी साडी, ओढणी व पिशवीवर उतरल्याने महिलांना उत्पन्नाचे नवे साधन मिळाले.

कोसा रेशीम : धाग्यामागील श्रम

भारतात तुती, टसर, एरी आणि मुगा असे रेशमाचे चारही व्यापारी प्रकार उत्पादित होतात. त्यांपैकी टसर छत्तीसगढमध्ये ‘कोसा’ या नावाने ओळखले जाते. अर्जुन (सादडा) व साजा म्हणजेच ऐन या झाडांच्या पानांवर वाढणाऱ्या अळीच्या कोशांपासून ते मिळते. जांजगीर-चांपा जिल्ह्यातील चांपा हे त्याच्या विणकामाचे प्रसिद्ध केंद्र होय. विदर्भातील करवतकाठी साडीही टसरचीच असल्याने हे वस्त्र महाराष्ट्राला परिचित आहे. कोशाचा मूळ मधासारखा सोनेरी-बदामी रंग आणि किंचित खडबडीत पोत ही त्याची वैशिष्ट्ये आहेत.

या सुंदर वस्त्रामागे एक वेदनेची बाजूही होती. टसरचा धागा काढताना महिला तो उघड्या मांडीवर वळत असत. त्यामुळे त्वचेला इजा होई, मजुरी अल्प मिळे आणि धाग्याचा दर्जाही एकसारखा राहत नसे. या प्रथेच्या उच्चाटनासाठी केंद्रीय रेशीम तंत्रज्ञान संशोधन संस्थेने चांपा येथील एका उद्योजकाच्या साहाय्याने ‘बुनियाद’ हे यंत्र विकसित केले. मार्च २०२० अखेर मांडीवरील सूतकताई पूर्णतः थांबविण्याचे उद्दिष्ट वस्त्रोद्योग मंत्रालयाने जाहीर केले होते. परंपरेच्या नावाखाली चालणारी प्रत्येक पद्धत जपण्यायोग्य असतेच असे नाही. कला टिकवायची तर कारागिराचे शरीर व सन्मानही टिकला पाहिजे, हा धडा या उदाहरणातून मिळतो.

वनोपज आणि खाद्यपदार्थ

ज्या प्रवाशाला शोभेच्या वस्तूंत रस नाही, त्याच्यासाठी चिंच, चारोळी, मध, मोहाचे पदार्थ आणि सुगंधी तांदूळ हा उत्तम पर्याय आहे. सरगुजा भागातील ‘जिराफूल’ तांदळाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. राज्याच्या लघु वनोपज संघाची उत्पादने ‘छत्तीसगढ हर्बल्स’ या नावाने विकली जातात. वनोपजावर गावातच प्रक्रिया व्हावी यासाठी वनधन योजनेचा प्रारंभ १४ एप्रिल २०१८ रोजी छत्तीसगढमधील बिजापूर येथूनच झाला होता. असे पदार्थ वापरून संपतात, घरात साठून राहत नाहीत आणि उत्पन्न संकलन करणाऱ्या कुटुंबांपर्यंत पोहोचण्याची शक्यताही अधिक असते.

भौगोलिक मानांकन : संरक्षण आणि मर्यादा

नकली मालाचा प्रश्न हा स्मृतिवस्तूंच्या बाजारातील कळीचा प्रश्न आहे. साच्यातून काढलेल्या पितळी मूर्ती ‘ढोकरा’ म्हणून आणि कृत्रिम धाग्याचे कापड ‘कोसा’ म्हणून कमी किमतीत विकले गेले की खऱ्या कारागिराला आपल्या श्रमांचे मोल मागणे कठीण होते. ग्राहकाची फसवणूक होते ती एकदाच. कारागिराचा बाजार मात्र कायमचा हातचा जातो.

यावरील कायदेशीर उपाय म्हणजे भौगोलिक मानांकन. विशिष्ट प्रदेशामुळे ज्या वस्तूला गुणवत्ता, प्रतिष्ठा वा अन्य वैशिष्ट्य लाभते, त्या वस्तूच्या नावाला हे संरक्षण मिळते. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारातील कलम २२ ते २४ मध्ये याविषयी तरतुदी आहेत. त्यांना अनुसरून भारताने १९९९ मध्ये वस्तूंचे भौगोलिक निर्देशन (नोंदणी व संरक्षण) अधिनियम संमत केला व तो १५ सप्टेंबर २००३ पासून अंमलात आला. नोंदणी कार्यालय चेन्नई येथे असून दार्जिलिंग चहा हे पहिले नोंदणीकृत उत्पादन होय. नोंदणी १० वर्षांसाठी असते व तिचे नूतनीकरण करता येते. खोटे मानांकन वापरल्यास सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. छत्तीसगढमधील बस्तर ढोकरा, बस्तर लोहशिल्प, बस्तर काष्ठशिल्प तसेच चांपा रेशमी साडी व वस्त्रे यांना हे मानांकन प्राप्त झाले आहे.

व्यापारचिन्ह आणि भौगोलिक मानांकन यांतील भेद विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा. व्यापारचिन्हावर एखाद्या व्यक्तीची वा कंपनीची मालकी असते आणि ते विकताही येते. भौगोलिक मानांकन हा त्या प्रदेशातील उत्पादकांचा सामूहिक हक्क असून तो हस्तांतरित करता येत नाही.

या व्यवस्थेच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. मानांकन उत्पादनाच्या नावाला मिळते. प्रत्येक कारागिराला त्याचा लाभ घेण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. शिवाय हे संरक्षण देशाच्या सीमेपुरते असते. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात कोल्हापुरी चपलेशी साधर्म्य असलेली पादत्राणे सादर केली, तेव्हा ही मर्यादा ठळकपणे समोर आली. महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी कोल्हापुरी चपलेला मानांकन आहे. परंतु परदेशातील वापर त्यामुळे आपोआप रोखला जात नाही. टीकेनंतर कंपनीने भारतीय पारंपरिक पादत्राणांपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. ज्या वस्तूला परदेशी दुकानात मोठी किंमत मिळते, तिच्या कारागिराला गावात काय मिळते, हा प्रश्न यानिमित्ताने देशभर चर्चिला गेला.

अस्सल वस्तू कशी ओळखावी

ढोकरा मूर्तीवर मेणाच्या धाग्यांच्या रेषा स्पष्ट दिसतात, दोन अर्ध्या साच्यांच्या जोडाची सरळ रेघ नसते आणि पोकळ भागात कधी कधी आतली भाजलेली माती राहिलेली आढळते. ओळीने मांडलेल्या दहा मूर्ती हुबेहूब सारख्या असतील, तर त्या यंत्राने वा कायम साच्याने केलेल्या आहेत असे समजावे. लोहशिल्पात ठोक्यांच्या खुणा पाहाव्यात. कोशाच्या कापडातील सुटा धागा जाळल्यास केस जळल्यासारखा वास येतो व राख बोटांनी चुरडली जाते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते. रेशमासाठी केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ पासून ‘सिल्क मार्क’ आणि हातमागासाठी २००६ पासून ‘हॅंडलूम मार्क’ ही चिन्हे उपलब्ध आहेत. खरेदीची पावती घेतली असल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दाद मागता येते.

काय विकत घेऊ नये

काही वस्तू कितीही आकर्षक असल्या तरी त्या घेणे कायद्याने गुन्हा ठरते. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार १०० वर्षांहून जुनी मूर्ती, नाणे, चित्र इत्यादी आणि ७५ वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते ही पुरावस्तू मानली जातात. त्यांची निर्यात खासगी व्यक्तीला करता येत नाही. जुनाट दिसणारी नवी वस्तू परदेशी नेताना अडचण येऊ नये म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र घेता येते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये हस्तिदंत, वाघ-बिबट्याची कातडी व नखे, संरक्षित कासवांची कवचे अशा वस्तूंच्या व्यापारास बंदी आहे. गळून पडलेल्या मोरपिसांना देशांतर्गत व्यापारात सूट असली तरी त्यांची निर्यात करता येत नाही. लुप्तप्राय प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या साइट्स करारात भारत १९७६ पासून सहभागी असून, त्यातील तरतुदी २०२२ च्या दुरुस्तीने या अधिनियमात अंतर्भूत झाल्या. शिसम वर्गातील लाकूड या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आल्याने भारतीय हस्तकला निर्यातदारांपुढे २०१७ पासून अडचणी उभ्या राहिल्या होत्या. नोव्हेंबर २०२२ मधील परिषदेत १० किलोग्रॅमपेक्षा कमी लाकूड असलेल्या वस्तूंबाबत दिलासा मिळाला.

श्रद्धेची वस्तू आणि शोभेची वस्तू

कायद्यापलीकडचा एक प्रश्न संस्कृतीचा आहे. ढोकरा मूर्ती मूळच्या देवघरासाठी, देवगुडीसाठी आणि विवाहविधीसाठी घडविल्या जात. पर्यटकांची मागणी वाढली तसे त्यांचे आकार, विषय व उपयोग बदलले. देवतेच्या शेजारी पेनाचा स्टॅंड व मोबाईल ठेवण्याची बैठक आली. काही अभ्यासक यास कलेचे बाजारीकरण मानतात. दुसऱ्या बाजूने असे म्हणता येते की, गावातील मागणी घटल्यानंतर याच नव्या ग्राहकाने भट्टी पेटती ठेवली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने १९९९ मध्ये स्वीकारलेल्या जागतिक नीतिसंहितेतही पर्यटनामुळे पारंपरिक कला बहराव्यात, त्यांचे साचेबंद व निकृष्ट रूपांतर होऊ नये, अशी अपेक्षा व्यक्त झाली आहे. नवी वस्तू घडविण्याचा निर्णय कारागिराचा असेल, तर ते कलेचे चैतन्य होय. गावातील पूजेतील जुनी मूर्ती गरजेपोटी विकली जात असेल, तर मात्र ती घेणारा ग्राहक एका गावाची स्मृती उचलून नेत असतो. हा विवेक ग्राहकाने स्वतःच बाळगावयाचा आहे.

शासकीय प्रयत्न

कारागिरांना बाजारपेठ मिळवून देण्यासाठी केंद्र व राज्य शासनाने विविध उपाय योजले आहेत. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या ट्रायफेड या संस्थेमार्फत ‘ट्राइब्ज इंडिया’ दालनांतून जनजातीय उत्पादनांची विक्री होते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, मूर्तिकार, टोपल्या विणणारे यांसह १८ व्यवसायांचा समावेश असून त्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि दोन टप्प्यांत तीन लाख रुपयांपर्यंत ५ टक्के सवलतीच्या व्याजाने कर्ज दिले जाते. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राज्यांच्या राजधान्यांत वा प्रमुख पर्यटनस्थळी ‘युनिटी मॉल’ उभारण्यास प्रोत्साहन देण्याची घोषणा झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये अनेक हस्तकला वस्तूंवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के करण्यात आला.

पर्यटनाच्या अंगाने स्वदेश दर्शन योजनेतील छत्तीसगढच्या जनजातीय परिपथात कोंडागाव, जगदलपूर, चित्रकोट, तीरथगढ, मैनपाट इत्यादी स्थळांचा समावेश करण्यात आला. बस्तरमधील धुडमारास या गावाची २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या उत्कृष्ट पर्यटन ग्राम उपक्रमातील उन्नयन कार्यक्रमासाठी निवड झाली. पर्यटक गावापर्यंत पोहोचला की मध्यस्थांची साखळी आखूड होते व कारागिराचा वाटा वाढतो.

तरीही काही अडचणी कायम आहेत. धातू व मेणाच्या किमती चढ्या आहेत; वस्तू विकल्यानंतर पैसे मिळेपर्यंत कारागिराकडे खेळते भांडवल नसते; कष्ट अधिक आणि उत्पन्न अनिश्चित असल्याने तरुण पिढी दुसऱ्या कामाकडे वळते. वस्तूसोबत कारागिराचे नाव, गाव व निर्मितीची माहिती देणारी चिठ्ठी जोडणे, मजबूत व हलके वेष्टन करणे आणि अधिकृत वापरकर्त्यांची नोंदणी वाढविणे असे साधे उपायही या बाबतीत मोठे कार्य करू शकतील.

समारोप

स्मृतिवस्तू घ्यावी काय, या प्रश्नाचे सरसकट उत्तर देता येत नाही. केवळ कोणाला तरी काहीतरी द्यायचे म्हणून घेतलेली वस्तू घरोघरी अडगळीत पडते. तिच्यात पैसा व साधनसामग्री दोन्ही वाया जातात. अशा वेळी काहीच न घेणे श्रेयस्कर. परंतु वस्तू घ्यायचीच तर संख्येने थोडी, उपयोगाची, त्याच भूमीत घडलेली आणि शक्यतो करणाऱ्याच्या हातून घेतलेली असावी. घासाघीस करताना समोरच्या वस्तूत किती दिवसांची मजुरी आहे, याचा हिशेब मनात असावा. रायपूरच्या दालनातून निघालेला पितळेचा छोटा हत्ती नागपूरच्या वा पुण्याच्या घरात पोहोचतो, तेव्हा कोंडागावच्या भट्टीत पुढचा साचा तापत राहील की नाही, हे काही अंशी त्या खरेदीवर ठरत असते.

सरावासाठी प्रश्न

१. पर्यटनातील ‘गळती’ व ‘गुणक परिणाम’ या संकल्पना स्मृतिवस्तूंच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

२. भौगोलिक मानांकन व व्यापारचिन्ह यांतील फरक सांगून, मानांकनामुळे कारागिरांचे हित कितपत साधते याची चर्चा करा.

३. ढोकरा शिल्पाची निर्मितिप्रक्रिया वर्णन करून तिचा सिंधू संस्कृतीशी असलेला संबंध सांगा.

४. ‘परंपरा जपणे आणि कारागिराचे जीवनमान उंचावणे ही दोन्ही उद्दिष्टे एकत्र साधता येतात.’ टसर उद्योगाच्या संदर्भात या विधानाचे परीक्षण करा.

५. पारंपरिक कलावस्तूंच्या व्यापाराशी संबंधित १९७२ च्या दोन अधिनियमांतील प्रमुख तरतुदी लिहा.